पक्षी समोर, फोटो धूसर: हातात धरलेल्या टेलिफोटो लेन्सचं निदान आणि उपाय

कॅमेऱ्याच्या पडद्यावर खंड्या झकास दिसतो. घरी येऊन फोटो संगणकावर उघडला, मोठा करून पाहिला, की चोचीची कड विरघळलेली आणि डोळ्याभोवतीची पिसं एकात एक मिसळलेली. १५०-६०० किंवा २००-५०० मिमीची लेन्स हातात घेऊन पक्ष्यांमागे फिरणाऱ्या बहुतेकांची ही तक्रार असते, आणि ती एका फेरीपुरती नसते. शटर स्पीड वाढवून बघतात, काही फोटो सुधारतात, काही तसेच राहतात. मग लेन्सवर संशय येतो, ती विकायला निघते, नवी येते आणि तक्रार पुढे चालू राहते.

‘शार्प नाही’ एवढंच म्हणून आपण थांबतो, तिथे घोळ आहे. कॅमेरा हलणं, पक्षी हलणं, फोकस चुकणं, हवा थरथरणं आणि पिसांचा तपशील नॉइजमध्ये (चित्रातल्या दाणेदारपणात) किंवा जळलेल्या पांढऱ्यात हरवणं ही पाच वेगळी दुखणी आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही, काही वेळा नुकसानच करतो. उन्हाच्या झळीने बिघडलेल्या फोटोवर उपाय म्हणून शटर १/४००० सेकंद केलं, तर झळ जशीच्या तशी राहते आणि वर आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढून फोटो आणखी खराब होतो. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी बिघडलेला फोटो नीट वाचायचा.

बिघडलेले फोटो पुसू नका

ते संगणकावर १०० टक्के आकारात उघडा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीवर काही ठरवू नका, तिथे फोटो दाबून लहान केलेला असतो. आणि सुरुवात पक्ष्यापासून न करता बाकीच्या चित्रापासून करा: फांदी, गवताची पाती, दगड, पाण्यावर चमकणारे ठिपके.

सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, पाण्यावरच्या ठिपक्यांच्या छोट्या रेघा झाल्या असतील, तर कॅमेरा हललाय. फांदी काचेसारखी स्वच्छ आणि पक्ष्याचं डोकं किंवा पंख तेवढा ओढलेला, तर पक्षी हललाय. पक्षी मऊ, पण त्याच्या पुढचं पातं किंवा मागचा दगड स्वच्छ, तर फोकस चुकलाय. कुठेच काही स्वच्छ नाही, ओढल्याची दिशाही दिसत नाही, सरळ कडा किंचित नागमोडी झाल्यात आणि लागोपाठच्या दहा फोटोंतला प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने बिघडलाय, तर दोष हवेचा. कडा ठीक, पण पिसांवरचा बारीक पोत रंगाचा हात फिरवल्यासारखा गुळगुळीत, तर प्रकाश कमी पडलाय किंवा आयएसओ जास्त झालाय.

सगळ्यात भरवशाची खूण पक्ष्याच्या डोळ्यातल्या प्रकाशाच्या ठिपक्यात सापडते. ठिपका टोकदार आणि छोटा असेल तर सगळं ठीक. त्याची रेघ किंवा जोडठिपका झाला असेल तर हालचाल. पसरून गोल चकती झाली असेल तर फोकस. मी फोटो निवडताना आधी हा ठिपका बघतो, बाकी पक्षी नंतर.

एका फेरीचे सगळे बिघडलेले फोटो असे वाटून पाहिले की बहुतेक वेळा एक-दोन कारणांकडेच ढीग जमतो. पुढचं सगळं वाचा, पण आधी आपल्या ढिगाचा भाग वाचा.

कॅमेरा हललाय

जुना नियम असा की शटर निदान एक भागिले फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा) इतकं वेगवान हवं. ६०० मिमीला १/६००. पण क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) तोच हलका धक्का दीडपट मोठा दिसतो, म्हणून निकॉन किंवा सोनीच्या क्रॉप बॉडीवर हिशोब १/९०० चा होतो, कॅननवर १/९६० चा. आजचे २४ किंवा त्याहून जास्त मेगापिक्सेलचे सेन्सर बारीक थरथरही पकडतात. त्यामुळे बसलेल्या पक्ष्यासाठी १/१००० ला सुरुवात मानावी आणि उजेड असेल तर १/१६०० पर्यंत जायला कचरू नये.

स्टॅबिलायझेशन असल्यावर १/२५० वरही स्वच्छ फोटो येतो, हे बरोबर आहे. पण तो दर वेळी येत नाही, बर्स्टमधल्या, म्हणजे लागोपाठ काढलेल्या फोटोंतल्या, काहींतच येतो. शिवाय ते फक्त तुमचा हात सावरतं. धोब्याची शेपटी किंवा वाऱ्याने डोलणारी फांदी थांबवणं त्याच्या हातात नाही. अर्धं बटण दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र क्षणभर तरंगतं आणि मग स्थिर होतं. त्या क्षणाआधी पूर्ण बटण दाबलं तर पहिला फोटो हमखास जातो. उडणाऱ्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना पॅनिंगसाठीचा किंवा स्पोर्ट मोड लावा, नाहीतर लेन्स तुमच्याच फिरण्याविरुद्ध झटत राहते.

आता धरण्याची पद्धत. यावर लोक कमी वेळ देतात आणि माझ्या अनुभवात फुकटात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. सिग्माची १५०-६०० कंटेंपररी सुमारे १.९ किलोची आहे, निकॉनची २००-५०० कॉलरसकट (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडला जोडायचं कडं) २.३ किलोची. वर बॉडी. एवढं ओझं हात लांब करून धरलं तर अर्ध्या मिनिटात दंड थरथरायला लागतो. डाव्या हाताचा तळवा लेन्सखाली, जिथे सगळा तोल येतो तिथे ठेवा. झूम रिंगजवळ बॉडीला चिकटून धरू नका. कॉलरचा पाय आड येत असेल तर तो वर फिरवा. डावं कोपर बरगड्यांना टेकवा, पाय खांद्याइतके फाकवा, व्ह्यूफाइंडर भुवईला दाबून धरा. श्वास अर्धा सोडून थांबा आणि बटण टोचू नका, बोट त्यावर हळूच वळवा. तीन ते पाच फोटोंचा छोटा बर्स्ट घ्या. पहिल्यात बोटाचा धक्का असतो, मधले सहसा चांगले येतात.

पक्षी येण्याआधीपासून लेन्स डोळ्याला लावून उभं राहणं टाळा. वेडा राघू किडा पकडून बहुतेक वेळा त्याच काटकीवर परत येतो. ती काटकी आधी फोकस करून ठेवा, लेन्स खाली घ्या, नजर काटकीवर ठेवा आणि पक्षी परतताना नजर न हलवता लेन्स डोळ्याला लावा. ताजा हात कमी हलतो.

टेकायला मिळालं तर टेका. झाडाचं खोड, बांध, बसून गुडघा. मात्र कोपराचं हाड गुडघ्याच्या हाडावर न ठेवता दंडाचा मऊ भाग ठेवा. गाडीतून फोटो काढताना खिडकीच्या काचेच्या कडेवर तांदूळ किंवा मूग भरलेली कापडी पिशवी ठेवली की काम होतं, पण इंजिन बंद हवं. भिगवणला होडीतही तेच. इंजिन चालू असताना लेन्स किंवा कोपर होडीच्या काठावर टेकवलं तर सगळी थरथर थेट लेन्समध्ये येते. तेव्हा अंगाने झेलावी. नावाड्याला सांगून इंजिन बंद करवलं आणि होडी वल्ह्याने सरकवली की मग टेकायला हरकत नाही. तिथले नावाडी पक्षी आणि फोटोवाले दोघांनाही चांगले ओळखतात, आधी सांगितलं तर ते हे आनंदाने करतात.

पक्षी हललाय

इथे प्रत्येक पक्ष्याचा स्वभाव माहीत असणं सेटिंगपेक्षा जास्त उपयोगी पडतं. वंचक मिनिटन् मिनिटं पुतळ्यासारखा उभा असतो, त्याला १/५०० पुरतं. तुतारी किनाऱ्यावर चालताना सारखी मागचा भाग हलवते, तिला १/१२५० च्या खाली जाऊ नका. शिंजीर फुलावर मान इतकी झटकतो की १/१६०० लाही काही फोटो जातात. गाणाऱ्या दयाळाचं अंग स्थिर असतं, चोच मात्र नसते.

उडताना चित्रबलाक किंवा रोहित यांच्यासारखे मोठे, संथ पंखांचे पक्षी १/१२५० ते १/१६०० ला मिळतात. नदी सुरय, वेडा राघू, पाकोळ्या यांना १/२५०० ते १/३२०० लागतं. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो तेव्हा त्याचं डोकं हवेत खिळल्यासारखं स्थिर असतं. त्या वेळी १/१००० लाही डोळा स्वच्छ येतो आणि पंखांची टोकं हललेली दिसतात. तो दोष मानू नका, मला तर असा फोटो गोठवलेल्या पंखांपेक्षा जिवंत वाटतो.

मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल आणि पंख वाकडे, रबरी दिसत असतील, तर सेन्सर हळू वाचला जातोय. शटर स्पीड वाढवून ते जाणार नाही, मेकॅनिकल शटर लावा.

फोकस दुसरीकडेच

हा सगळ्यात मोठा ढीग असतो आणि त्याचं कारण आकड्यात बघण्यासारखं आहे. क्रॉप बॉडीवर ६०० मिमी, अपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/६.३ आणि पक्षी १० मीटरवर असेल, तर पुढून मागे मिळून सुमारे ७ सेंटीमीटरच स्वच्छ येतं. पक्षी ५ मीटरवर आला की दोन सेंटीमीटरसुद्धा नाही. चिमणीएवढ्या पक्ष्याची चोच तुमच्याकडे असेल तर चोच, डोळा आणि शेपटी एकत्र स्वच्छ येणं शक्यच नाही. डोळा पकडायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं, किंवा पक्षी आडवा होईपर्यंत थांबायचं.

याच आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. उभा माणूस नकळत पुढे-मागे डुलतो, दोन-चार सेंटीमीटर सहज. सिंगल फोकसवर एकदा फोकस लॉक झाला आणि फोटो निघेपर्यंत तुम्ही डुललात, की डोळा त्या पट्टीबाहेर. म्हणून बसलेल्या पक्ष्यालाही सतत चालणारा फोकस लावा, म्हणजे कॅननचा एआय सर्व्हो किंवा सर्व्हो, बाकीच्यांचा एएफ-सी. मधल्या बिंदूवर फोकस घेऊन कॅमेरा सरकवून फ्रेम जुळवण्याची सवयही इथे मोडावी लागते. फोकस बिंदूच डोळ्यावर न्या.

डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) एकच बिंदू किंवा त्याभोवतीचा छोटा गट ठेवा. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा जवळचं, ठळक दिसणारं काहीही पकडतो आणि झुडपात ते बहुधा पातं असतं. मिररलेसची पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय फारच उपयोगी आहे. पण पानांच्या जाळीत, दुरून किंवा काळ्या डोक्यावरच्या काळ्या डोळ्यावर तीही चकते. चौकोन डोळ्यावर आहे की पानावर, हे बघत राहा. तिथे चकली की क्षेत्र लहान करून हातानं बिंदू सरकवा.

लेन्सवरचा फोकस लिमिटर अनेकजण कधी हलवतच नाहीत. दूरच्या पाणपक्ष्यांसाठी १० मीटर ते अनंत असं लावलं की फोकस जवळ धावून परत येण्यात वेळ घालवत नाही. मात्र तोच लिमिटर तसा राहिला आणि शिंजीर ४ मीटरवर बसला, तर फोकस लागणारच नाही. फोकस अचानक मिळेनासा झाला की आधी ती कळ बघा.

१.४ पट टेलिकन्व्हर्टरबद्दल (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवून चित्र मोठं करणारा जोड) माझं मत स्पष्ट आहे: एफ/६.३ च्या झूम लेन्सवर तो लावू नका. एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश जातो, अपर्चर एफ/९ च्या आसपास येतं, बहुतेक डीएसएलआरचा फोकस तिथे अडखळतो किंवा थांबतो आणि हलण्याचं प्रमाणही वाढतं. एफ/४ च्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्सची गोष्ट वेगळी.

हवा

यावर सगळ्यात कमी बोललं जातं आणि आपल्याकडच्या उन्हात पुष्कळ फोटो यानेच जातात. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, थंड हवा खाली येते, आणि त्यांच्यातून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. ६०० मिमीची लेन्स पक्ष्याबरोबर ही थरथरही मोठी करते. भारीतली भारी प्राइम लेन्ससुद्धा यापुढे हतबल आहे.

सासवड, सुपे, बारामतीकडच्या माळरानावर धाविक आणि चंडोल शोधायला गेलात तर उन्हाळ्यात नऊनंतर, हिवाळ्यातही दहा-साडेदहानंतर दूरचे फोटो सोडून द्यावेत. नांगरलेली काळी जमीन सगळ्यात आधी तापते. पाण्यावर ही भानगड नसते असा समज आहे, तो चुकीचा. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि त्यावरून वाफ निघते. सूर्य उगवताना पट्टकादंबांचा दूरचा थवा सुंदर दिसतो, पण त्यात पिसाची कड मिळत नाही. तेव्हा वातावरणाचे, सावल्यांचे फोटो काढा आणि पिसांसाठी होडी जवळ सरकेपर्यंत थांबा.

थरथर अंतराबरोबर साठत जाते. १० मीटरवरच्या पक्ष्याला ती जवळजवळ जाणवत नाही, ६० मीटरवरच्याचा फोटो पार घालवते. त्यामुळे खरा उपाय एकच, मधली हवा कमी करणं. पक्ष्यामागे न धावता तो येईल तिथे आधी जाऊन बसा, गाडीचा आडोसा घ्या, थांबा. अंतर निम्मं झालं की पक्ष्यावर चौपट पिक्सेल मिळतात, हा फायदा वेगळाच. घरटं असेल तर मात्र जवळ जायचं नाही, आणि आवाज वाजवून पक्षी बोलावायचा नाही. विणीच्या काळात पक्ष्याला उठवून मिळालेला शार्प फोटो कुणाच्याही कामाचा नाही.

झोपून, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो काढणं मला फार आवडतं, शिवाय हात पूर्ण टेकतो. पण त्या वेळी प्रकाश जमिनीपासून वीतभर उंचीवरून येत असतो आणि तापलेल्या हवेचा सगळ्यात वाईट थर तिथेच असतो. सकाळी लवकर आणि जवळच्या पक्ष्याला झोपा. ऊन चढल्यावर उभे राहा.

गाडीच्या बॉनेटवरून फोटो काढू नका, इंजिनची झळ थेट समोर येते. एसी गाडीच्या उघड्या खिडकीतही आतली थंड आणि बाहेरची गरम हवा मिसळत असते. एसी बंद करून सगळ्या काचा खाली घ्या, दहा मिनिटं जाऊ द्या. कोकणात आणि गोव्यात आणखी एक अडचण येते: एसी खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की पुढच्या काचेवर बाष्प धरतं. चोडणला फेरीने जाताना कॅमेरा बंद पिशवीतच ठेवा, निदान वीस मिनिटं, म्हणजे तो बाहेरच्या हवेइतका तापतो.

पिसांचा तपशील गेला

सिंहगड व्हॅलीत ओढ्याकाठच्या सावलीत स्वर्गीय नर्तक दिसतो, कर्नाळ्यात पावसाळ्यानंतर दाट झाडीत अंधारच असतो. तिथे आयएसओ ३२०० किंवा ६४०० ला घाबरून शटर १/१६० वर आणू नका. नॉइज सॉफ्टवेअरने पुष्कळ कमी करता येतो, हललेला फोटो कशानेच जुळत नाही. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अपर्चर स्वतः ठरवून आयएसओ ऑटोवर सोडणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं.

पण फोटो अंधारा काढून घरी उजळायचा, हे करू नका. आकाशासमोरच्या फांदीवर बसलेला पक्षी मीटर काळा करतो, तिथे +१ एक्स्पोजर द्या. उलट उन्हातल्या गायबगळ्याला −०.७ द्या. त्याची पांढरी पिसं जळली की तिथे तपशीलच उरत नाही आणि फोटो फोकसबाहेर असल्यासारखा दिसतो. फोकसची तक्रार म्हणून दाखवलेले बगळ्यांचे कितीतरी फोटो असे निघतात. जेपीईजी काढत असाल तर कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन ‘लो’ वर ठेवा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढत असाल तर त्याची चिंता नाही.

आणि लेन्स

इथपर्यंत सगळं तपासूनही फोटो मऊच येत असतील तर लेन्सकडे वळा. स्वस्त युव्ही फिल्टर काढून टाका. अनेक झूम लेन्स ६०० मिमी आणि एफ/६.३ वर किंचित मऊ असतात, एफ/७.१ किंवा एफ/८ करून आणि झूम थोडा मागे, ५५० च्या आसपास आणून बघा. एफ/११ च्या पुढे मात्र जाऊ नका.

मग चाचणी. सकाळी, सावलीत, १० ते १५ मीटरवर भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. डीएसएलआर असेल तर काही फोटो व्ह्यूफाइंडरने फोकस करून काढा, काही लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर बघून), दर वेळी फोकस आधी मुद्दाम बिघडवून. लाइव्ह व्ह्यूचे स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ आले, तर लेन्स चांगली आहे, फक्त बॉडीशी तिचा फोकस जुळलेला नाही. कॅनन आणि निकॉनच्या बऱ्याच बॉडींत यासाठी −२० ते +२० अशी फाइन ट्यूनची सोय असते. सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल यांनी, त्यांना चालणाऱ्या लेन्समध्ये, वेगवेगळ्या अंतरांसाठी हे जुळवता येतं. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे ही भानगड सहसा येत नाही.

दोन्ही तऱ्हेचे फोटो मऊ आले, किंवा पानाची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी विरघळलेली आली, तर आतली काच सरकलेली असू शकते. सर्व्हिस सेंटरला लेन्सबरोबर बॉडीही द्या, आणि चाचणीचे मूळ फोटो पेनड्राइव्हवर घालून सोबत द्या. कोणत्या अंतरावर, किती फोकल लेंथला आणि कुठल्या अपर्चरला दोष दिसतो, ते कागदावर लिहून द्या. ‘फोटो सॉफ्ट येतात’ एवढ्या तक्रारीवर तिथल्या माणसाला काय तपासायचं तेच कळत नाही.